आधी कात्री धुवा

(आषाढी वारीच्या वाटेवर वेळापूर मुक्कामी झालेल्या कीर्तनातील निरूपण)



सज्जनहो, दिवसभर चालून पाय भरून आले असतील. तरी तुम्ही बसलात, हीच पांडुरंगाची कृपा. पंढरी आता टप्प्यात आली आहे. आत्ता टाळकरी मंडळींनी सावता महाराजांचा अभंग म्हटला. तो तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून त्याचा शब्दार्थ मी सांगत बसत नाही. त्या अभंगामागचा माणूस काय करत होता, तेवढंच आज पाहू.

सावता महाराज अरणचे. अरण आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, मोडनिंबजवळ. तिथून पंढरपूर किती लांब? मनात आणलं असतं तर सकाळी निघून संध्याकाळी चंद्रभागेत पाय धुतले असते. पण परंपरा काय सांगते? महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. पांडुरंगच अरणला आला. आजही सावता महाराजांच्या पुण्यतिथीला देवाची पालखी अरणला जाते. सगळ्या संतांच्या पालख्या देवाकडं जातात, आणि देवाची पालखी जाते माळ्याकडं!

का बरं गेला असेल देव? आपण म्हणतो, भक्ती होती म्हणून. बरोबर. पण ती भक्ती दिसत कशात होती? महाराज कांदा, मुळा, भाजी लावत होते. खुरपत होते, मोटेचं पाणी वाफ्यात सोडत होते. म्हणजे रोज सकाळी उठून प्रत्येक वाफ्यापाशी वाकत होते. पान पिवळं पडलंय का? शेंडा मलूल झालाय का? मुळाशी पाणी साचलंय का? हे रोजचं वाकून पाहणं हीच त्यांची पूजा होती. झाडाकडं पाहायला वेळ नाही आणि सावता महाराजांच्या नावाचा गजर मात्र मोठा, हे काही जमायचं नाही.

(विठ्ठल विठ्ठल, विठ्ठल विठ्ठल)

तुम्ही म्हणाल, महाराज, आज शेतीच्या गोष्टी काय काढल्या? आम्ही हरिनाम ऐकायला आलो. आमच्यातले निम्मे तर पुण्या-मुंबईचे. आमची कुठं शेती?

बरं. तुमच्या गळ्यात काय आहे? तुळशीची माळ. ती कशाची? तुळशीच्या लाकडाची. समोर समई आहे, तिची वात कशाची? कापसाची. तेल कशाचं? करडई, शेंगदाणा, काहीही म्हणा, झाडाचंच. वीणेचा भोपळा वेलावर वाढला. आणि हे आमचे मृदंगाचार्य बसलेत, त्यांना विचारा, मृदंगाच्या डाव्या तोंडाला काय लावता? कणीक! ती ओली कणीक नसेल तर मृदंगाला खर्ज येत नाही. आता गव्हावर तांबेरा पडला, गहूच आला नाही, तर पोळी तर जाईलच, पण कीर्तनातला मृदंगही मुका होईल. म्हणजे पोटातली भाकरी आणि कानावरचा गजर, दोन्ही कुणाच्या तरी शेतातल्या निरोगी पानावर उभे आहेत.

संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेतीची एक संघटना आहे. ती सांगते की जगात दरवर्षी ४० टक्क्यांपर्यंत पीक कीड आणि रोगांच्या घशात जातं. आपल्या भाषेत सांगतो. दहा भाकरी थापल्या आणि चार ताटात यायच्या आधीच गेल्या. म्हणून तर संयुक्त राष्ट्रांनी २०२० हे अख्खं वर्ष वनस्पतींच्या आरोग्यासाठी ठेवलं, आणि आता १२ मे हा दिवस त्यासाठी पाळतात. आपल्याला वाढदिवस पाठ असतात, हा दिवसही लक्षात ठेवा.

आता घरापासून सुरुवात करू. घरातलं पहिलं झाड कोणतं? तुळस. आयाबायांनो, खरं सांगा, किती जणींची तुळस वर्षभर टिकते? बघा, हात वर यायला तयार नाहीत! दर दोन-चार महिन्यांनी नवीन रोप आणायचं, ते वाळलं की पुन्हा आणायचं. आणि वाळलं की मनात काय येतं? घरावर काहीतरी संकट आहे. कुणाची तरी नजर लागली. एखाद्या घरात तर थेट सुनेकडं बोट जातं. नवी सून आली आणि तुळस गेली, हिचा पायगुणच वाईट!

अहो माऊली, सुनेचा काय संबंध? कुंडी उचलून खाली बघा. भोक आहे का? बऱ्याचदा नसतंच, नाहीतर मातीनं बुजलेलं असतं. आपण रोज तांब्याभर पाणी घालतो. उन्हाळ्यात ठीक आहे. भर पावसात, वरून धो धो पडतंय, तरी नेमाचा तांब्या चुकत नाही. खाली चिखल. मुळांनाही हवा लागते, बरं का. चिखलात मुळं गुदमरतात, कुजतात, आणि वर पानं पिवळी होऊन गळतात. पानं गळली म्हणून आपण आणखी पाणी घालतो! वर हळद-कुंकवाचा थर मातीवर. उदबत्ती कुठं खोचली? मुळात. दिवा कुठं ठेवला? फांदीच्या बरोबर खाली, पानं करपेपर्यंत. दूध ओततो, त्याचा आंबूस वास येतो, मुंग्या लागतात. हे सगळं प्रेमानं करतो हो! पण प्रेमानं लेकराला ताप असताना श्रीखंड खाऊ घातलं, तर त्याचं काय होईल?

साधं करा. बोट मातीत घाला, पेरभर आत. ओल असेल तर त्या दिवशी मुळात पाणी नको, पानांवर नुसतं चार थेंब शिंपडा, नेम मोडला नाही. हळद-कुंकू वृंदावनाच्या कट्ट्याला वाहा. दिवा वीतभर लांब. आणि मंजिऱ्या खुडत जा. मंजिरी पिकली, बी धरलं, की झाड सगळी ताकद बियांत घालतं आणि म्हातारं होतं. मंजिरी वेळेवर खुडली की नवे फुटवे येतात. खुडलेली मंजिरी पांडुरंगाला वाहा. देवही प्रसन्न, तुळसही प्रसन्न, आणि सून तर फारच प्रसन्न!

(हशा. विठ्ठल विठ्ठल)

हसलात, चांगलं झालं. आता जरा जड गोष्ट ऐका.

तुळस वाळली तर एका घराचं नुकसान. पण झाडाचे काही रोग असे असतात की ते एका घरात राहत नाहीत. ते वारी करतात. माणसाच्या पायानं, गाडीनं, आगबोटीनं जातात. सातासमुद्रापलीकडं आयर्लंड नावाचा देश आहे. तिथले गरीब लोक बटाट्यावर जगत होते. १८४५ साली त्या बटाट्यावर करपा आला. पानं काळी पडली, जमिनीतले बटाटे सडले. पुन्हा पुढच्या वर्षी तेच. राज्यकर्त्यांनीही वेळेवर धड मदत केली नाही. सुमारे दहा लाख माणसं गेली आणि तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली. पानावरचा एक डाग, आणि देशाचा मोठा भाग ओस पडला.

लांबचं वाटतं ना? मग जवळचं सांगतो. अमेरिकन लष्करी अळी. नावातच गाव आहे. ती अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये आफ्रिकेत दिसली, २०१८ मध्ये कर्नाटकात, आणि त्याच वर्षी आपल्या सोलापूर जिल्ह्यात. परवापासून आपण ज्या माळशिरस भागातून चालतोय, तिथल्या मक्याच्या पोंग्यात शिरली. मका म्हणजे जनावराचा चारा. मका पोखरला की चारा कमी, चारा कमी की दूध कमी, आणि दूध कमी की सकाळी दिंडीत जो चहा मिळतो तो काळा! अमेरिकेतल्या पाखराचा तुमच्या पेल्याशी संबंध आहे तो असा.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ही मी फार ठिकाणी सांगत नाही, कारण तिच्यात माझी चूक आहे. पण विठोबाच्या वाटेवर खोटं कशाला बोलायचं?

माझं गाव सांगोला तालुक्यात. पाऊस कमी, म्हणून डाळिंब. कमी पाण्यावर येणारं, पैसे देणारं पीक. आमची बाग दादा बघायचे, म्हणजे माझे थोरले बंधू. मी कीर्तनं करत फिरायचो. एकदा लांब, दुसऱ्या जिल्ह्यात कीर्तन होतं. तिथं एका ठिकाणी डाळिंबाची गुटी कलमं स्वस्त मिळाली. भगवा जातीची, हिरवीगार, तरतरीत. मी विचार केला, दादांना खूश करू. टेम्पो भरला आणि आणली. ही कलमं ज्या झाडांवर बांधली ती बाग कशी आहे, तिथं रोग आहे का, एक शब्द विचारला नाही. मुलीचं स्थळ बघताना आपण सात पिढ्या विचारतो, आणि वीस वर्षं रानात नांदणाऱ्या झाडाचं घराणं काही विचारलं नाही!

दोन वर्षं झाडं छान वाढली. तिसऱ्या वर्षी मृग बहार धरला. पाऊस लागला आणि पानांवर बारीक डाग आले. तेलाचा थेंब पडून कागद जसा ओलसर दिसतो ना, तसे. दादा म्हणाले, "काहीतरी वेगळं दिसतंय." मी म्हणालो, "पावसाळी हवा आहे, जाईल." आणि मी कीर्तनाला निघून गेलो. तो होता तेल्या.

शेतकरी बसलेत त्यांना नाव ऐकूनच काटा आला असेल. बाकीच्यांना सांगतो. तेल्या हा जिवाणूचा रोग. आधी पानावर तेलकट डाग, मग फुलावर, खोडावर, फळावर. फळ मोठं झालं की डागाच्या जागी तडकतं, आणि आतले माणकासारखे दाणे उघडे पडून सडतात. पावसाच्या थेंबाबरोबर तो एका झाडावरून दुसऱ्यावर उडतो. रोगट कलमातून येतो. आणि माणसाच्या हातातून, कात्रीतून जातो. एकदा फवारलं आणि गेला, असं औषध त्याला नाही.

आमच्या बांधाला लागून एका तात्यांची बाग. तात्या जुने वारकरी. वर्षानुवर्षं माझ्या वडिलांच्या बरोबरीनं चाललेले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं, आणि खर्चाचा सगळा भरवसा त्या बहारावर. त्याच दिवसांत आमच्या बागेत फुटवे काढायला टोळी लावली होती. काम झालं, आणि दुसऱ्या दिवशी तीच टोळी, त्याच कात्र्या घेऊन, तात्यांच्या बागेत गेली. कात्री धुतली नाही. कुणी सांगितलंच नाही. सांगायचं मी होतं, आणि मी गावातच नव्हतो.

पाऊस चालूच होता. काही दिवसांत तात्यांच्या पानांवर तेच डाग. पुढं फळं तडकायला लागली. एके दिवशी व्यापारी आला. आधी माल बघून गेलेला, सौदा जवळजवळ झालेला. त्यानं मोटारसायकल बांधावर उभी केली, बागेकडं पाहिलं, आत पाऊलही टाकलं नाही, आणि गाडी वळवली. तात्या तिथंच उभे होते. मीही त्या दिवशी घरी होतो. मी हे डोळ्यांनी पाहिलं.

रात्री झोप लागली नाही. सकाळी तात्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हटलं, तात्या, हे पाप माझ्या हातून झालं. कलमं मी आणली, कात्री आमच्या बागेतून आली. मला वाटलं ते रागावतील, नाहीतर वारकरी माणूस आहे, "विठ्ठलाची इच्छा" म्हणून सोडून देतील. ते यातलं काहीच बोलले नाहीत. मला उठवलं आणि म्हणाले, "महाराज, पाया पडून तेल्या जातोय व्हय? आधी कात्री धुवा. आन उद्या सकाळी माझ्या बागंत या, पडल्याली फळं गोळा कराय."

(विठ्ठल विठ्ठल)

माऊली, मी पुष्कळ ग्रंथ वाचले, पुष्कळ कीर्तनं ऐकली. पण त्या एका वाक्यानं मला जे शिकवलं ते विसरता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून दादा, मी, तात्या आणि त्यांची ती लग्नाची लेक, सगळे बागेत. तडकलेली फळं, गळलेली पानं, डागाळलेल्या काड्या, सगळं वेचलं, बांधाबाहेर नेऊन जाळलं. प्रत्येक झाड छाटून झालं की कात्री जंतुनाशकात बुडवायची, मगच पुढच्या झाडाला हात. छाटलेल्या जागी बोर्डोचा लेप, म्हणजे मोरचूद आणि चुना. तात्यांची निम्मी बाग वाचली. आमची नाही वाचली. ती मुळासकट काढली, जाळली, आणि त्या रानात शाळू केला. तात्यांच्या मुलीचं लग्न एक वर्ष पुढं गेलं. सोयरे भले होते, थांबले. नसते थांबले तर? मी तोंड कुठं दाखवणार होतो?

पुढं आम्ही पुन्हा डाळिंब लावलं, पण विचारून. सोलापुरात केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. तिथले लोक जे सांगतात त्यात जादू नाही. रोगमुक्त बागेतलीच कलमं आणा. बाग स्वच्छ ठेवा. हत्यारं निर्जंतुक करा. झाडाला विश्रांती द्या, दरवर्षी ओरबाडू नका. तेल्याचं भय असेल तिथं पावसात येणारा मृग बहार टाळा, हस्त बहार धरा. आम्ही ते केलं. तेल्या अजूनही कधी कधी डोकं काढतो. पण आता पहिला डाग दिसला की आम्हाला दिसतो, कारण आता आम्ही बघतो.

लक्षात घ्या, देवघरात आपण सोवळं पाळतो. हात-पाय धुतल्याशिवाय मूर्तीला शिवत नाही. एकाचा प्रसाद उष्टा झाला की दुसऱ्याला देत नाही. का? आपल्यामुळं दुसऱ्याला बाधा होऊ नये. मग हेच सोवळं बागेत का नको? एका झाडाचं दुखणं आपल्या हातानं दुसऱ्याला जाऊ नये, माझ्या रानातलं शेजाऱ्याच्या रानात जाऊ नये, हे बागेतलं सोवळं. सावता महाराज मळ्यात देव पाहत होते. मळा हेच देऊळ मानलं, तर देवळात शिरताना जी शुद्धता लागते ती तिथंही लागणारच.

आता उठायच्या आधी प्रत्येकानं काहीतरी घेऊन जायचं.

शहरातल्या मंडळींनो, बाल्कनीतल्या कुंडीकडं दिवसातून एकदा बघा. पान उलटून बघा, कारण कीड पानाच्या मागे बसते. मावा दिसला तर लगेच जहाल औषध मारू नका. आधी पाण्याची धार मारा, शेंडा खुडा. मावा खाणारा ढालकिडा देवानं दिलाय, लाल पाठीवर काळे ठिपके असतात, आपण औषधानं आधी त्यालाच मारतो. दुसऱ्याकडून रोप आणलं तर थोडे दिवस बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा. आणि मुलगा परदेशात असेल, तर तिकडून बी, रोप, फळ लपवून आणायला सांगू नका. विमानतळावर तपासतात, त्याचा राग धरू नका. लष्करी अळीची गोष्ट आठवा.

शेतकरी बांधवांनो, औषधाच्या डब्यावर रंगाची खूण असते. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. फवारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही, तेही लिहिलेलं असतं. ती भाजी कुणाचं तरी लेकरू खाणार आहे. आणि तुमच्या रानात रोग आला तर लाजून लपवू नका. शेजाऱ्याला त्याच दिवशी सांगा. मी सांगितलं असतं, तर ती टोळी थांबली असती.

आणि वारकरी मंडळी, वाटेवरच्या झाडांचं काय? दुपारी वडाखाली, लिंबाखाली विसावा घेतो. तिथंच बुंध्याला लागून तीन दगडांची चूल मांडतो. झाडाच्या सालीच्या आत एक पातळ जिवंत थर असतो, पानांनी केलेलं अन्न त्यातूनच मुळांना जातं. चुलीच्या आचेनं तो थर भाजतो. झाड त्या दिवशी काही बोलत नाही, पुढं काही वर्षांनी फांदी वाळते. फलकासाठी खिळा ठोकला, की त्या जखमेतून बुरशी आत जाते. चूल दहा पावलं लांब मांडा. फलक दोरीनं खांबाला बांधा. पुढच्या वर्षी याच सावलीत बसायचंय आपल्याला. आपण नसलो, तर आपली नातवंडं बसतील.

तात्या आता थकलेत. यंदा वारीला आले नाहीत. निघताना मी भेटायला गेलो, म्हटलं, तात्या, पांडुरंगाला काय सांगू? ते बागेतच होते. म्हणाले, "सांगा की, हात मोकळा न्हाई. बहार धरलाय." माझ्या डोळ्यांपुढं अरण उभं राहिलं.

देवाला हात जोडाल तेव्हा ते स्वच्छ असू द्या. आणि झाडाला हात लावाल तेव्हाही.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय! संतशिरोमणी सावता महाराज की जय!